शब्द कोणी कोणाला दिला?
(रशियाच्या इतिहासातले काही शब्द आणि त्यांतून मी घेतलेला धडा)

आपल्यापैकी बहुतेकांची रशियाशी पहिली भेट होते ती बारावीला, आणि ती काही फार सुखाची नसते. इरोडॉव्हचं फिजिक्स! पहिलंच गणित सुटत नाही आणि आपण शहाणे आहोत हा समज तिथेच संपतो. पुढे इंजिनिअरिंगला आल्यावर एम-वनसाठी मी अप्पा बळवंत चौकातून पिस्कुनोव्हचं कॅल्क्युलस सेकंडहँड आणलं. पिवळी पडलेली पानं आणि कुण्या अनोळखी सीनियरने पेन्सिलीने केलेल्या खुणा. दोन्ही पुस्तकांच्या जुन्या प्रतींवर प्रकाशकाचं नाव एकच आहे : मीर पब्लिशर्स, मॉस्को.

आता 'मीर' म्हणजे काय, हा प्रश्न मला पडला तो नेमका पेपरच्या आदल्या रात्री. (असले प्रश्न नेहमी त्याच रात्री पडतात!) पेपर झाल्यावर शोधलं, तर एका शब्दाचे तीन अर्थ निघाले. मीर म्हणजे शांतता. मीर म्हणजे जग. आणि मीर म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांचा समाज, त्यांची पंचायत. पूर्वी 'शांतता' आणि 'जग' या दोन अर्थांसाठी स्पेलिंग वेगळं होतं. १९१८ साली रशियन लिपी सुधारली, एक अक्षर गेलं आणि दोन्ही शब्द दिसायला एक झाले. १९८६ ते २००१ अशी पंधरा वर्षं पृथ्वीभोवती फिरलेल्या अंतराळस्थानकाचं नावही मीरच.

या एका शब्दाने मला नाद लावला. ग्रंथालयात जे मिळेल ते वाचून जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी रशियन इतिहासातले शब्द लिहू लागलो. नादामागे आणखी एक कारण होतं, ते शेवटी सांगतो.

आपल्या विषयात शब्दाची व्याख्या पक्की असते. स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. तो कोल्हापुरात काढा नाहीतर मॉस्कोत, काढणारा कोणत्या पक्षाचा, कोणत्या धर्माचा याने उत्तर बदलत नाही. समाजातल्या शब्दांचं तसं नसतं. म्हणून मी प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायचं ठरवलं : मूळ अर्थ काय? तो कोणी कोणाला लावला? आणि ज्याला लावला त्याचं पुढे काय झालं?

१. मीर, क्रेस्त्यानिन आणि 'आत्मा'

सुरुवात मीरपासूनच करू. रशियन खेड्यात बहुतेक ठिकाणी जमीन एकेकट्याच्या नावावर नसे, ती मीरची असे. घरातली माणसं बघून पट्टे वाटले जात आणि काही वर्षांनी फेरवाटप होई. कराची जबाबदारीही सगळ्यांची मिळून. एकाने बुडवला तर बाकीच्यांनी भरायचा. गाव हेच जग, हे त्या शेतकऱ्याच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं.

शेतकऱ्याला रशियनमध्ये म्हणतात 'क्रेस्त्यानिन'. हा शब्द 'ख्रिस्ती' या शब्दापासून आला आहे. कीव्हच्या व्लादिमीर राजाने ९८८ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पुढच्या काही शतकांत तो धर्म खेड्यापाड्यांत इतका रुजला की साधा कष्टकरी माणूस म्हणजेच ख्रिस्ती, असं समीकरण झालं. आपल्या 'शेतकरी' शब्दात शेत आहे, त्यांच्या शब्दात धर्म आहे. बघा ना, किती फरक!

पण सरकारी कागदावर याच माणसाचं नाव वेगळं होतं : 'दुशा', म्हणजे आत्मा. १६४९ च्या कायद्याने भूदास जमीनदाराच्या जमिनीशी कायमचे बांधले गेले. पुढे पीटरने (होय, तोच 'द ग्रेट') डोईपट्टी बसवली, तेव्हा पुरुष 'आत्मे' मोजले गेले. जमीनदार किती श्रीमंत, तर त्याच्याकडे किती आत्मे! दोन शिरगणत्यांच्या मध्ये एखादा भूदास मेला तरी पुढची गणती होईपर्यंत तो कागदावर जिवंत राही आणि त्याचा कर द्यावा लागे. कॉलेज सोडून गेलेल्या मुलाचं नाव वर्षभर हजेरीपटावर राहतं ना, तसं. गोगोलची 'मृत आत्मे' (१८४२) ही कादंबरी याच गमतीवर उभी आहे. तिचा नायक असे मेलेले आत्मे विकत घेत फिरतो. हसू येतं आणि मग लक्षात येतं की जिवंत आत्मेही विकलेच जात होते.

१८६१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासपद्धत रद्द केली. खासगी जमीनदारांचे सव्वादोन कोटींच्या आसपास भूदास मोकळे झाले. 'मुक्ती' हा शब्द केवढा मोठा! पण त्याच्याबरोबर दुसरा शब्द आला, 'विकूप', म्हणजे सोडवणुकीची रक्कम. मिळालेल्या जमिनीचे पैसे सरकारने जमीनदाराला द्यायचे आणि शेतकऱ्याने ते सरकारला फेडायचे, दरसाल ६ टक्के, ४९ वर्षं. आपण इंजिनिअर, गणित करून बघू. १०० रूबल कर्जाला वर्षाला ६ रूबल, ४९ वर्षं, म्हणजे २९४ रूबल. जवळजवळ तिप्पट! आणि हा हप्ता मीरच्या सामूहिक जबाबदारीवर, त्यामुळे गाव सोडून जाणंही सोपं नाही. १९०५ ची क्रांती झाली, तेव्हा कुठे १९०७ पासून हे हप्ते कायमचे बंद झाले. म्हणजे 'मुक्त' झालेल्या माणसाचा नातू हप्ते भरत होता.

२. रास्कोल : दोन बोटं की तीन?

आता दोनशे वर्षं मागे जाऊ. रास्कोल म्हणजे फूट, चिरफळी. हा शब्द धर्माच्या इतिहासातला.

१६५२ साली निकॉन हा रशियन चर्चचा प्रमुख, म्हणजे पॅट्रिआर्क झाला. रशियातले धर्मविधी ग्रीक चर्चपेक्षा वेगळे पडले आहेत, ते सारखे केले पाहिजेत, असं त्याचं मत. १६५३ पासून त्याने बदल सुरू केले. छातीवर क्रूसाची खूण करताना दोन बोटांऐवजी तीन बोटं जुळवायची. 'आलेलुया' दोनदा नाही, तीनदा म्हणायचं. येशूच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवायचं. बस्स, असेच बदल.

तुम्ही म्हणाल, यात भांडण्यासारखं काय आहे? मलाही आधी तेच वाटलं. पण त्या लोकांसाठी दोन बोटं म्हणजे ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण होतं. आजोबा-पणजोबा त्याच खुणेने प्रार्थना करत मेले. आज ती खूण चुकीची म्हणायची, तर मग ते सगळे चुकीचे ठरले? ज्यांनी बदल नाकारला त्यांना अधिकृत चर्चने नाव दिलं 'रास्कोल्निक', म्हणजे फुटीर. खरं तर ते जिथे होते तिथेच उभे होते, हलले होते दुसरे! पण शिक्का त्यांच्यावर बसला. कारण शिक्का मारायचं यंत्र दुसऱ्या बाजूकडे होतं.

१६६६-६७ च्या धर्मसभेत गंमत झाली. झारशी बिनसल्यामुळे निकॉनला पदावरून काढलं, पण त्याचे बदल मात्र कायम ठेवले आणि जुन्या रीतीच्या लोकांना बहिष्कृत केलं. त्यांचा पुढारी आव्वाकुम याला उत्तरेतल्या पुस्तोझर्स्क इथे अनेक वर्षं जमिनीखालच्या कोठडीत ठेवून १६८२ साली जिवंत जाळलं. कोठडीतच त्याने आपलं आत्मचरित्र लिहिलं, आणि तेही साध्या बोलीभाषेत. छळाला कंटाळून, जगबुडी जवळ आली असं मानून, काही ठिकाणी माणसांनी स्वतःला प्रार्थनाघरात कोंडून आग लावून घेतली. १७१६ मध्ये पीटरने या लोकांवर दुप्पट कर बसवला. तो १७८२ मध्ये उठला. आणि मूळ बहिष्कार? तो मॉस्कोच्या चर्चने मागे घेतला १९७१ साली. तीनशे वर्षांनी!

सूरिकोव्ह या चित्रकाराचं १८८७ चं एक भलंमोठं चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. बर्फातून एका गाडीत साखळदंडाने बांधून एका बाईला नेलं जातंय. ती मोरोझोव्हा, मोठ्या सरदार घराण्यातली. तिने हात उंच केलाय आणि हाताची दोन बोटं वर आहेत. हे चित्र नेटवर जरूर बघा. 'क्राइम अँड पनिशमेंट' वाचलेल्यांसाठी आणखी एक : त्यातल्या नायकाचं आडनाव रास्कोल्निकोव्ह आहे. दस्तयेव्स्कीने ते उगाच ठेवलेलं नाही.

३. बहुमतवाले, अल्पमतवाले आणि 'सल्ला'

राजकीय शब्दांत काही सोपे आहेत, ते पटकन उरकतो. 'झार' हा सीझरचा अपभ्रंश. १५४७ साली चौथ्या इव्हानचा (आपला 'इव्हान द टेरिबल') या पदवीने राज्याभिषेक झाला. 'दूमा' म्हणजे संसद. मूळ क्रियापद 'विचार करणे'. पहिली राज्य दूमा १९०६ ची, आणि झारने ती अडीच महिन्यांच्या आत विसर्जित केली. विचार फार झाला बहुतेक! 'झेम्स्त्वो' म्हणजे १८६४ पासूनच्या स्थानिक स्वराज्य संस्था. शाळा, दवाखाने, रस्ते ही त्यांची कामं.

'सोव्हिएत' म्हणजे चक्क सल्ला किंवा परिषद. झारच्या राजवटीतही १८१० पासून राज्य परिषद होती, तिच्याही नावात हाच शब्द होता. १९०५ च्या संपांत कामगारांनी आपापले प्रतिनिधी निवडून परिषदा केल्या, तेव्हा हा शब्द दरबारातून कारखान्यात आला. पुढे तो देशाचं नाव झाला, पण सल्ला मात्र वरून खालीच येत राहिला.

सगळ्यात मजेशीर जोडी बोल्शेविक आणि मेन्शेविक. बहुमतवाले आणि अल्पमतवाले, एवढाच अर्थ. १९०३ साली रशियन समाजवादी पक्षाचं अधिवेशन ब्रुसेल्सला सुरू होऊन लंडनमध्ये संपलं. सभासद कोणाला म्हणायचं, या कलमावरच्या मतदानात लेनिनची बाजू हरली होती, मार्तोव्हची जिंकली होती. पण पुढे सात प्रतिनिधी सभा सोडून गेले आणि नंतरच्या मतदानात लेनिनचं पारडं जड झालं. लेनिनने लगेच 'बहुमतवाले' हे नाव घेतलं. आणि मार्तोव्हच्या लोकांनी 'अल्पमतवाले' हे नाव चालू दिलं! जीएसच्या निवडणुकीत एखाद्या पॅनेलने स्वतःचं नाव 'हरणारे पॅनेल' ठेवल्यासारखं झालं हे. नोव्हेंबर १९१७ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली, तेव्हा 'बहुमतवाल्यांना' एक चतुर्थांशाच्या आसपास मतं होती. सभा जानेवारी १९१८ मध्ये एकदाच भरली आणि बरखास्त झाली. बहुमत नावात होतं, तेवढं पुरलं.

४. कुलाक

इथपर्यंत मी हसत वाचत होतो. या शब्दाला थांबलो.

कुलाक म्हणजे मूठ. (आपल्याकडे 'कुलक' असंही लिहितात.) मूळ वापर खेड्यातल्या घट्ट मुठीच्या सावकार-व्यापाऱ्यासाठी. हा शब्द आधी शेतकऱ्यांचाच होता, गावातल्या एका विशिष्ट माणसाला दिलेली शिवी. आपल्याकडे 'सावकार' हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, तसाच.

क्रांतीनंतर ही शिवी सरकारी वर्ग बनली. गावाचे तीन भाग पाडले गेले : गरीब 'बेद्न्याक', मधला 'सेरेद्न्याक' आणि श्रीमंत तो कुलाक. पण मधला कुठे संपतो आणि कुलाक कुठे सुरू होतो? मे १९२९ मध्ये सरकारने लक्षणांची यादी काढली. घरात कायम मजूर ठेवणं. यंत्रावर चालणारी पिठाची गिरणी किंवा तेलाचा घाणा असणं. शेतीची यंत्रं भाड्याने देणं. जागा भाड्याने देणं. व्यापार किंवा सावकारी करणं. यांतलं एखादं लक्षण असलं तरी घर कुलाकांत मोजलं जाऊ शकत होतं, आणि लक्षणं थोडीफार बदलायची मुभा स्थानिक अधिकाऱ्यांना होती.

मित्रांनो, आमची गावाकडे चार एकर जमीन आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आहे. साडेसात एचपीची मोटर. आजोबांनी सोसायटीचं कर्ज काढून घेतली, बाबा अजून तिचे पट्टे स्वतः बदलतात. माझी पहिल्या वर्षाची फी त्या गिरणीतून आली आहे. ती यादी वाचताना मला मोटरचा आवाज ऐकू आला. आम्ही कुलाक!

आणि कुलाक ठरलं तर पुढे काय? २७ डिसेंबर १९२९ ला स्टालिनने जाहीर केलं की आता धोरण 'एक वर्ग म्हणून कुलाकांचं निर्मूलन' हे आहे. ३० जानेवारी १९३० च्या पक्षाच्या ठरावात कुलाकांच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीला छावणी किंवा गोळी. दुसरीला कुटुंबासकट दूरच्या ओसाड प्रदेशात हद्दपारी. तिसरीला त्याच भागात, पण गावाबाहेरच्या वाईट जमिनीवर. आणि प्रत्येक भागासाठी आकडे आधीच ठरवून दिलेले. म्हणजे आधी कोटा, मग माणसं! गावात तेवढे कुलाक नसले तर? मग शोधायचे. ज्या गरिबाकडे काहीच नव्हतं, पण ज्याने सामूहिक शेतीला विरोध केला, त्याच्यासाठीही शब्द तयार होता : 'पोद्कुलाच्निक', कुलाकाचा हस्तक. आता गिरणीचीसुद्धा गरज नव्हती.

१९३० आणि १९३१ या दोन वर्षांत सुमारे ३ लाख ८० हजार कुटुंबं, म्हणजे १८ लाखांहून जास्त माणसं हद्दपार झाली. उरलेल्या शेतीतून धान्याची सक्तीची वसुली चालूच राहिली आणि १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान आणि इतर भागांत लाखो माणसं उपासमारीने मेली.

आपण मशीन ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स लिहिला नाही तर सर शीट परत देतात. इथे व्याख्या अशी ढिली ठेवली होती की कोणीही तिच्यात बसावं. तो ढिलेपणा म्हणजे चूक नव्हती, तोच तिचा उपयोग होता.

५. व्रेदीतेल : हा शब्द आपल्यासाठी

हा शब्द इंजिनिअरांनी पाठ करावा असा आहे. 'व्रेदीतेल' म्हणजे पिकावरची कीड, नुकसान करणारा किडा. १९२८ साली हा शब्द इंजिनिअरांना लावला गेला.

शाख्ती हे कोळशाच्या खाणींचं गाव. खाणींत अपघात होत, यंत्रं बंद पडत, उत्पादनाचं टार्गेट पुरं होत नसे. नवशिके कामगार, जुनी यंत्रं, अशक्य घाई, कारणं समोर होती. पण ती मान्य केली तर योजना चुकली असं म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा इंजिनिअर 'कीड' आहेत म्हणणं सोपं. मॉस्कोत ५३ जणांवर खटला चालला, ११ जणांना फाशीची शिक्षा झाली, त्यातल्या पाच जणांना खरोखर मारलं. आता विचार करा : ओव्हरलोडने बेअरिंग जळलं, तर ते बेअरिंग फेल्युअर की घातपात? जिथे दुसरं उत्तर आधीच ठरलेलं असतं, तिथे फेल्युअर अनॅलिसिस संपतं. आणि बेअरिंगं तर पुन्हा जळणारच.

१९३० साली पुढचा खटला झाला. मुख्य आरोपी लेओनिद रामझिन, उष्णता अभियांत्रिकीचा मोठा माणूस. फाशी झाली, मग ती बदलून दहा वर्षं कैद. कैदेतच त्याने वन्स-थ्रू बॉयलरचं डिझाइन केलं. आपण हाय प्रेशर बॉयलरमध्ये बेन्सन शिकतो ना, त्याच जातीचा. १९३६ मध्ये माफी आणि १९४३ मध्ये त्याच बॉयलरसाठी स्टालिन पारितोषिक. तेव्हा तो किडा होता, की नव्हता? आणि दोन्ही खटल्यांतला सरकारी वकील क्रिलेंको, त्यालाही १९३८ साली गोळी घातली गेली. शिक्का मारणाऱ्याच्या कपाळालाही शाई लागतेच.

अशा कैदी इंजिनिअरांच्या डिझाइन ऑफिसला बोलीभाषेत 'शाराश्का' म्हणत. मूळ अर्थ काहीतरी भानगडीचं, फसवं दुकान. विमानांचा डिझायनर तुपोलेव्ह १९३७ साली पकडला गेला आणि त्याने अशाच ठिकाणी विमान डिझाइन केलं. सर्गेई कोरोल्योव्ह १९३८ साली पकडला गेला. तो आधी कोलिमाच्या छावणीत होता, मग तुपोलेव्हच्या शाराश्कात आला आणि १९४४ मध्ये सुटला. १९५७ साली त्याच्यावरचे आरोप अधिकृतपणे पुसले गेले आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला त्याच्या रॉकेटने स्पुटनिक वर नेला. कोलिमात तो मेला असता तर?

या सगळ्यांवरचा सर्वांत मोठा शिक्का होता 'व्राग नारोदा', जनतेचा शत्रू. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने पक्षाच्या बंद दाराआडच्या भाषणात याच शब्दावर बोट ठेवलं. हा शब्द एकदा लावला की त्या माणसाची चूक सिद्ध करायची गरजच उरत नव्हती, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. सगळा धडा मला या एका मुद्द्यात दिसतो. पुरावा शोधायला वेळ लागतो, शब्द बोलायला एक सेकंद.

६. शब्द परत घेणारे लोक

पण सगळेच शब्द वरून आलेले नाहीत. 'सामिझ्दात' म्हणजे स्वतः छापलेलं. ज्याला सरकारी प्रकाशन छापणार नाही, ते टाइपरायटरवर पाच-सहा कार्बन घालून काढायचं आणि वाचून पुढे द्यायचं. शेवटची प्रत इतकी पुसट की अंदाजाने वाचावी लागे. (आपल्या सबमिशनच्या झेरॉक्सची आठवण होते, पण आपल्याला ती बाळगल्याबद्दल कोणी तुरुंगात टाकत नाही.)

'ग्लासनोस्त' म्हणजे उघडपणा, सर्वांसमोर. हा गोर्बाचेव्हचा शब्द म्हणून आपण पाठ करतो, पण तो जुना आहे, १८६४ च्या न्यायसुधारणांच्या वेळीही होता. ५ डिसेंबर १९६५ ला मॉस्कोच्या पुश्किन चौकात मोजकी माणसं जमली. दोन लेखकांवरचा खटला उघडपणे चालवा, एवढीच मागणी. आणि आपल्याच राज्यघटनेचा मान राखा. ही कल्पना येसेनिन-वोल्पिन नावाच्या गणितज्ञाची. घटनेत जे लिहिलंय त्याचा अर्थ जो होतो तोच घ्या, असं तो म्हणत होता. व्याख्येला चिकटून राहणं हीसुद्धा हिंमत असते, हे एका गणितवाल्याने दाखवलं! फळ लगेच मिळालं नाही. गोर्बाचेव्हने तोच शब्द हाती घेतला १९८५ नंतर.

हे सगळं जुनं झालं असं मात्र समजू नका. २०१२ पासून रशियात 'परदेशी एजंट' हा कायदेशीर शिक्का आहे, आणि २०२२ मध्ये त्याची व्याख्या आणखी रुंद केली गेली. स्टालिनकाळातल्या बळींची नावं गोळा करणाऱ्या 'मेमोरियल' या संस्थेवरही तो शिक्का बसला. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने ती बंद करायला सांगितली आणि २०२२ च्या नोबेल शांतता पुरस्कारात तिचा वाटा होता. युक्रेनवर फेब्रुवारी २०२२ मध्ये हल्ला झाला, तेव्हा रशियन माध्यमांना 'युद्ध' हा शब्दच वापरू नका असं सांगण्यात आलं. शांतता आणि जग यांना एकच शब्द असलेल्या भाषेत!

आता राहिलेलं कारण

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मजल्यावर रेक्टरनी अचानक तपासणी केली. तीन खोल्यांत हीटरची कॉइल सापडली, त्यातली एक माझी. दंड झाला, घरी पत्र गेलं. कोणीतरी सांगितलं असणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. आदल्या दिवशी एक मुलगा रेक्टर ऑफिसमधून बाहेर येताना दिसला होता. मेसमध्ये जेवताना मी म्हणालो, "हाच तो खबऱ्या." पहिल्यांदा मीच म्हणालो. रात्रीपर्यंत त्याचं ते नाव झालं.

पुढचं सेमिस्टर त्याच्या टेबलावर कोणी बसलं नाही. सबमिशनला कोणी त्याला फाइल दिली नाही. त्याने दोनदा सांगायचा प्रयत्न केला, पण खबऱ्याचं कोण ऐकणार? सेमिस्टर संपल्यावर तो हॉस्टेल सोडून बाहेर खोली घेऊन राहू लागला.

नंतर एकदा वायरमन काकांशी बोलता बोलता कळलं. रोज रात्री आमच्या मजल्याची एमसीबी ट्रिप होत होती. त्यांनी टोंग टेस्टर लावून करंट मोजला, कुठली लाइन जास्त खेचतेय ते बघितलं आणि रेक्टरना रिपोर्ट दिला. बस्स. आणि तो मुलगा? स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही घ्यायला गेला होता.

आम्ही चाळीस जण, सगळे इंजिनिअरिंगचे. एमसीबी ट्रिप होतेय हे रोज बघत होतो. करंट मोजायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण उत्तर म्हणून एक शब्द आधीच मिळाला होता आणि तो मी दिला होता.

मी त्याच्या खोलीवर जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे रे, झालं ते झालं." चहा पण पाजला. पण लेक्चरला तो अजून शेवटच्या बाकावर एकटाच बसतो, आणि मला कोणत्या तोंडाने 'इकडे ये' म्हणावं ते कळत नाही.

रशियातल्या त्या लाखो माणसांशी आमच्या मेसच्या टेबलाची तुलना करावी इतका मी वेडा नाही. तिथे बंदूक होती, इथे फक्त फाइल मिळाली नाही. पण पहिली पायरी तीच होती, हे मला नाकारता येत नाही. म्हणून ते तीन प्रश्न मी आता जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत : अर्थ काय, कोणी कोणाला लावला, आणि त्याचं पुढे काय झालं?

पुढच्या वेळी मेसमध्ये कोणी कोणाला नाव ठेवलं, तर जेवण थांबवून यातला एक तरी प्रश्न विचारा. आणि हा अंक हातात पडेल त्या दिवशी शेवटच्या बाकावर एक जागा माझ्यासाठी ठेवा. मी तिथे जाऊन बसणार आहे.